सहा दिवसांची मजुरी मालकाला, रविवारची स्वतःला : अमेरिकेतल्या गुलामांचं रोजचं जगणं कसं होतं?

अमेरिकेच्या संसदेची पांढरी इमारत तुम्ही बातम्यांमध्ये नक्की पाहिली असेल. तिच्या घुमटाच्या टोकावर ब्राँझचा एक पुतळा आहे. साधारण साडेएकोणीस फूट उंच, एका स्त्रीचा. त्याचं नाव 'फ्रीडम', म्हणजे स्वातंत्र्य.

हा पुतळा ज्या भट्टीत ओतला गेला, तिथल्या कामगारांमध्ये फिलिप रीड नावाचा एक माणूस होता. आणि तो गुलाम होता.

पुतळ्याचा प्लास्टरचा नमुना रोमहून आला होता. तो पाच तुकड्यांचा होता, पण जोड दिसू नयेत म्हणून वरून लिंपलेला. तो सुटा कसा करायचा हे ज्या कारागिराला ठाऊक होतं, तो पगार वाढवल्याशिवाय सांगायला तयार नव्हता. मग रीड यांनी नमुन्याच्या डोक्यावरच्या कडीला दोर बांधला आणि कप्पीनं तो हळूहळू वर ओढला. ताण पडला, जोडांच्या रेषा दिसायला लागल्या आणि काम सुरू झालं. ही गोष्ट त्या भट्टीच्या मालकाच्या मुलानंच पुढे सांगितली.

आता खरी गंमत बघा. सरकारनं रीड यांच्या कामाची मजुरी रोज सव्वा डॉलर ठरवली. पण सोमवार ते शनिवारचे पैसे जायचे त्यांचे मालक क्लार्क मिल्स यांच्या खिशात. रविवार मात्र गुलामाचा स्वतःचा मानला जायचा, म्हणून फक्त रविवारच्या कामाचे पैसे रीड यांना मिळाले. ३३ रविवारांचे मिळून ४१ डॉलर २५ सेंट.

माणूस तोच, काम तेच, दरही तोच. फक्त दिवस कोणाचा, एवढाच प्रश्न.

अमेरिकेतली गुलामगिरी समजून घ्यायची तर साखळ्या आणि चाबूक यांच्यासोबत हा प्रश्नही विचारावा लागतो. शेतात असो वा शहरात, गुलामाचा दिवस कसा जायचा आणि त्यातला किती वेळ त्याचा स्वतःचा असायचा?

आधी थोडी पार्श्वभूमी

१६१९ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वीसेक आफ्रिकन माणसं आणून विकली गेली. इंग्रजांच्या तिथल्या वसाहतींमधल्या गुलामगिरीची सुरुवात साधारण इथून मोजली जाते.

१६६२ मध्ये व्हर्जिनियानं एक कायदा केला. मूल स्वतंत्र की गुलाम, हे आईवरून ठरणार. आई गुलाम, तर मूलही गुलाम. बाप कोणीही असो. म्हणजे मालकानं एखाद्या गुलाम स्त्रीवर बलात्कार केला आणि मूल झालं, तर ते मूल त्याच्याच मालमत्तेत जमा व्हायचं.

१७९३ मध्ये एली व्हिटनी यांनी कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र बनवलं. आपण ज्याला जिनिंग म्हणतो ते काम झटपट व्हायला लागलं. काम सोपं झालं, तर गुलामांची गरज कमी झाली असेल, असं वाटतं ना? झालं उलटंच. कापूस फायद्याचा झाला, त्यामुळे जमेल तिथे कापूस लावला गेला आणि तो वेचायला माणसं लागली.

१८०८ पासून परदेशातून गुलाम आणायला अमेरिकेत बंदी आली. मग देशातल्या देशात व्यापार वाढला. व्हर्जिनिया, मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांतून लुईझियाना, मिसिसिपी, अलाबामाकडे पुढच्या काही दशकांत सुमारे १० लाख लोक हलवले गेले. काही मालकासोबत गेले, पण पुष्कळांना बाजारात विकलं गेलं. न्यू ऑर्लिन्स हा त्यातला सगळ्यात मोठा बाजार.

१८६० च्या जनगणनेत देशात ३९ लाख ५३ हजारांहून जास्त गुलाम नोंदवले गेले. साऊथ कॅरोलिना आणि मिसिसिपी या दोन राज्यांत तर निम्म्याहून जास्त लोकसंख्या गुलाम होती.

कापसाचा मळा : तराजूची भीती

कापसाच्या मळ्यावरचा दिवस कसा जायचा, हे सांगणारी सगळ्यात तपशीलवार साक्ष सॉलोमन नॉर्थप यांची आहे. हे न्यूयॉर्क राज्यातले स्वतंत्र कृष्णवर्णीय गृहस्थ. १८४१ मध्ये त्यांना फसवून वॉशिंग्टनला नेलं, तिथून पळवलं आणि लुईझियानात विकलं. १८५३ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' हा ऑस्कर मिळालेला सिनेमा त्यावरूनच आला.

नॉर्थप सांगतात, पहाटे उजाडण्याआधी तासभर शिंग वाजायचं. त्यानंतर खोपटात कोणी सापडला तर फटके. उजेड दिसायला लागला की वेचणी सुरू, ती अंधार पडेपर्यंत. दुपारी थंड जेवण गिळायला पंधरा-एक मिनिटं. चांदणी रात्र असेल तर काम आणखी लांबायचं.

संध्याकाळी प्रत्येकाची टोपली तराजूवर चढायची. त्या मळ्यावर दिवसाला २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो वेचणी अपेक्षित होती. वजन कमी भरलं तर चाबूक. आणि जास्त भरलं तर? दुसऱ्या दिवसापासून तोच त्या माणसाचा नवा आकडा. त्यामुळे तराजूकडे जाताना प्रत्येकाच्या पोटात गोळा यायचा.

त्याच मळ्यावर पॅट्सी नावाची तरुणी होती. तिची बोटं इतकी चपळ की ती दिवसाला ५०० पौंड वेचायची. पण इतकं काम करूनही ती वाचली नाही. मालकाची वासना आणि मालकिणीचा मत्सर या दोन्हींच्या तावडीत ती सापडली होती. सगळ्यात जास्त फटके तिलाच बसले, असं नॉर्थप लिहितात.

वजन झालं म्हणजे दिवस संपला असंही नाही. खेचरांना वैरण, डुकरांना खाणं, लाकूडतोड. मग खोपटात जाऊन मका दळायचा, रात्रीचं जेवण करायचं आणि उद्याची शिदोरीही बांधायची. शिधा म्हणजे आठवड्याला ठरावीक मका आणि साधारण दीड किलो खारवलेलं डुकराचं मांस. मुलांना बऱ्याच ठिकाणी अंगभर लोंबणारा एक जाडाभरडा सदरा मिळायचा, तोच वर्षभर.

अशा मळ्यांवर टोळीनं काम चालायचं. वर पगारी गोरा मुकादम. त्याच्या हाताखाली गुलामांमधूनच निवडलेला टोळीप्रमुख, ज्याच्या हातात चाबूक दिलेला असायचा. आपल्याच माणसांवर तो चालवायचा की स्वतः मार खायचा, हा त्याचा रोजचा पेच.

भात आणि ऊस : दोन वेगळी गणितं

सगळीकडे कापूसच होता असं नाही. साऊथ कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनारपट्टीवर भाताची खाचरं होती. दलदल उपसून, बांध घालून, भरतीच्या जोरावर गोडं पाणी आत घ्यायचं आणि सोडायचं. पश्चिम आफ्रिकेच्या ज्या भागातून यातले पुष्कळ लोक आणले गेले, तिथे भातशेती जुनी होती. पेरणीची पद्धत, पाखडायची सुपं, कांडायचं उखळ-मुसळ, यातलं बरंच ज्ञान त्यांनी सोबत आणलं.

इथे कामाची पद्धतही वेगळी होती. प्रत्येकाला दिवसाचं काम नेमून दिलं जायचं, बऱ्याचदा पाव एकर, म्हणजे आपले दहा गुंठे. तेवढं झालं की उरलेला वेळ स्वतःचा. त्या वेळात लोक भाजी लावायचे, कोंबड्या पाळायचे, मासे धरायचे, टोपल्या विणून विकायचे.

ऐकायला बरं वाटतं, पण दिवसभर गुडघाभर चिखलात उभं राहून ते काम व्हायचं. हिवताप इतका की उन्हाळ्यात गोरे मालक कुटुंबासकट तिथून निघून जायचे. गुलामांना जायची मुभा नव्हती. गोरी वस्ती विरळ असल्यामुळे इथे आफ्रिकन वळणाची एक स्वतंत्र भाषा आणि संस्कृती टिकली. तिला गुल्ला म्हणतात आणि ती आजही बोलली जाते.

लुईझियानातला ऊस मात्र सगळ्यात जीवघेणा. थंडीचा कडाका पडला की ऊस खराब व्हायचा, त्यामुळे ऑक्टोबरपासून गळीत हंगाम सुरू झाला की थांबणं नाही. दिवसाला सोळा-अठरा तास काम. चरकात हात सापडणं, उकळत्या रसानं भाजणं हे नेहमीचं. या भागात गुलामांमध्ये जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते. नवीन माणसं विकत आणून ती भर काढली जायची.

शहरातले गुलाम : गळ्यातला बिल्ला

आता शहरात येऊ. गुलामांपैकी शहरात राहणारे तुलनेनं थोडेच होते. पण चार्ल्सटन, रिचमंड, न्यू ऑर्लिन्स, बाल्टिमोर ही शहरं त्यांच्याशिवाय चालली नसती. स्वयंपाकी, धोबिणी, दाया, गाडीवान, हमाल, सुतार, लोहार, गवंडी, खलाशी, ही सगळी कामं ते करत.

शहरात एक पद्धत सर्रास होती. मालक आपला गुलाम दुसऱ्याला भाड्यानं द्यायचा. जसं घर किंवा बैलजोडी भाड्यानं द्यावी तसं. करार बहुतेक १ जानेवारीला व्हायचे आणि वर्षभर चालायचे. जग नवीन वर्ष साजरं करत असताना गुलामांच्या घरात रडारड असायची. कारण नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे आणि पोरं तिसरीकडे जाणार का, हे त्या दिवशी ठरायचं.

चार्ल्सटन शहरानं तर यावर कर लावला. भाड्यानं काम करणाऱ्या प्रत्येक गुलामासाठी मालकानं दरवर्षी पालिकेकडून धातूचा बिल्ला विकत घ्यायचा. त्यावर शहराचं नाव, साल, क्रमांक आणि धंदा कोरलेला असायचा. नोकर, हमाल, कारागीर, मासेवाला, फळवाला. व्यक्तीचं नाव मात्र नाही. हे बिल्ले आजही जुन्या चार्ल्सटनच्या जमिनीत खोदकाम करताना सापडतात.

मग शहरात सुटका होती का?

फ्रेडरिक डग्लस यांचं आयुष्य बघितलं तर उत्तर 'हो आणि नाही' असं मिळतं.

मेरीलँडच्या एका मळ्यावर जन्मलेल्या या मुलाला आठेक वर्षांचा असताना बाल्टिमोरला पाठवलं. तिथल्या मालकिणीनं त्याला मुळाक्षरं शिकवायला सुरुवात केली. नवऱ्यानं ते थांबवलं. वाचायला शिकला की गुलाम हाताबाहेर जातो, असं त्याचं म्हणणं. तेवढं ऐकून मुलाला कळलं की वाट इथूनच जाते. मग गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना पाव द्यायचा आणि बदल्यात अक्षरं शिकायची. गोदीतल्या लाकडांवर खडूनं लिहिलेली अक्षरं गिरवायची. मळ्यावर राहून हे जवळपास अशक्य होतं.

पुढे डग्लस जहाजांच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायचं कसबी काम करायला लागले. मजुरी चांगली मिळायची, पण आठवड्याच्या शेवटी ती मालकाच्या हातावर ठेवावी लागायची. मालक कधी त्यातली चिल्लर परत द्यायचा. १८३८ मध्ये त्यांनी सौदा केला. आठवड्याला तीन डॉलर मालकाला, उरले तर आपले. पण खाणं, कपडे, हत्यारं सगळं स्वतःचं. काम मिळो न मिळो, आजारी पडो, तीन डॉलर चुकता नयेत.

ही व्यवस्था काही महिनेच टिकली. एका शनिवारी पैसे द्यायला उशीर झाला आणि मालकानं ती बंद केली. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला खलाशाच्या वेशात, उसनी कागदपत्रं खिशात घालून डग्लस रेल्वेत बसले आणि उत्तरेला पळाले. पुढे ते गुलामगिरीविरोधी चळवळीचे सगळ्यात मोठे वक्ते झाले.

पण सगळ्यांचं असं झालं नाही. शहरात पहारा होताच. फिरायला परवाना लागायचा. रात्री ठरलेल्या वेळेनंतर रस्त्यावर दिसलं तर अटक. चार्ल्सटनमध्ये 'वर्कहाऊस' नावाची जागा होती. स्वतः चाबूक चालवायचा नसेल तर मालक ठरावीक पैसे भरून गुलामाला तिथे पाठवायचा आणि फटके मारून घ्यायचा. शहर ही सेवा पुरवायचं.

कमावलेलं कोणाचं?

नॉर्थ कॅरोलिनातल्या इडेंटन गावात हॅरिएट जेकब्स यांची आजी राहायची. मालकिणीचं सगळं काम आटोपल्यावर रात्री भट्टी पेटवून ती बिस्किटं भाजायची आणि विकायची. मुलांना सोडवून घ्यायचं म्हणून तिनं पै पै करत ३०० डॉलर जमवले. एक दिवस मालकिणीनं ते उसने मागितले. ते कधीच परत आले नाहीत. कारण कायद्यानं गुलामाची कसलीच मालमत्ता नसते. ज्याला मालमत्ता नाही त्याचं कर्ज कोण फेडणार?

मालकाच्या लैंगिक छळातून सुटण्यासाठी स्वतः हॅरिएट याच आजीच्या घरात लपल्या. छपराखालची जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि जास्तीत जास्त तीन फूट उंच. नीट उभंही राहता येत नव्हतं. तिथे त्यांनी जवळपास सात वर्षं काढली. भिंतीला पाडलेल्या भोकातून खाली खेळणारी आपली मुलं त्यांना दिसायची, पण मुलांना हाक मारता यायची नाही.

रिचमंडमध्ये हेन्री ब्राऊन तंबाखूच्या कारखान्यात काम करायचे. बायको-मुलांना विकू नये म्हणून ते बायकोच्या मालकाला पैसे देत होते. १८४८ मध्ये त्यानं पैसेही ठेवले आणि गरोदर बायकोसह तीन मुलांना विकूनही टाकलं. रस्त्यानं चाललेल्या तांड्यात ब्राऊन यांनी त्यांना शेवटचं पाहिलं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी स्वतःला लाकडी खोक्यात बंद करून घेतलं आणि पार्सलनं फिलाडेल्फियाला पाठवून घेतलं. प्रवास सुमारे २७ तासांचा, त्यातला काही वेळ डोकं खाली, पाय वर. ते जिवंत पोहोचले आणि 'बॉक्स ब्राऊन' म्हणून प्रसिद्ध झाले.

मालकाच्या हिशोबात न बसणारं

गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. लग्न लावणारे पाद्रीही 'मृत्यू किंवा अंतर वेगळं करेपर्यंत' अशी शपथ देत. तरीही लोक लग्न करत. नवरा-बायको वेगवेगळ्या मळ्यांवर असतील तर शनिवारी रात्री परवाना घेऊन, कधी परवान्याशिवाय, नवरा मैलोन् मैल चालत जायचा आणि सोमवारी शिंग वाजायच्या आत परतायचा. मुलांना आजोबा, काका, मावशी यांची नावं दिली जायची. माणूस विकला गेला तरी नाव घरात राहावं म्हणून.

न्यू ऑर्लिन्समध्ये रविवारी काँगो स्क्वेअरवर ढोल वाजायचे, नाच व्हायचे. पुढच्या जॅझ संगीताची मुळं तिथेही शोधली जातात.

विरोध रोज चालायचा. मुद्दाम हळू काम करणं, हत्यार मोडणं, आजाराचं सोंग घेणं, आठवडाभर जंगलात जाऊन राहणं. कधी उघड बंडही झालं. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर यांनी उठाव केला. त्यानंतर गुलामांना लिहा-वाचायला शिकवण्याविरुद्धचे कायदे आणखी कडक झाले. स्वतः पळून आलेल्या हॅरिएट टबमन सुमारे १३ वेळा मागे गेल्या आणि जवळपास ७० जणांना घेऊन आल्या.

शेवट कसा झाला आणि आपला काय संबंध?

१८६१ मध्ये उत्तर आणि दक्षिणेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग त्यांनी मोर्चा भारताकडे वळवला. कापसाचे भाव कडाडले, मुंबईत पैशांचा पूर आला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी गाजले, समुद्र हटवायच्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि मुंबईचा हा फुगा फुटला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती होऊन देशभरातली गुलामगिरी संपली. आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि ते अर्पण केलं गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्यांच्याकडून आपल्या देशबांधवांनी धडा घ्यावा, ही त्यामागची इच्छा होती.

स्वातंत्र्य मिळाल्यावर तिथल्या लोकांनी आधी काय केलं? हजारोंनी आपली माणसं शोधायला सुरुवात केली. कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत पुढची कित्येक वर्षं जाहिराती छापून येत राहिल्या. आईचं नाव अमुक, अमक्या मालकानं अमक्या साली तमक्याला विकलं, कोणाला माहिती असेल तर कळवा. काहींना माणसं सापडली. बहुतेकांना नाही.

फिलिप रीड यांचं काय झालं? एप्रिल १८६२ मध्ये वॉशिंग्टन शहरातली गुलामगिरी आधी रद्द झाली. कायद्यानुसार सरकारनं भरपाई दिली, पण ती मालकांना. क्लार्क मिल्स यांनी रीड यांची किंमत १५०० डॉलर सांगितली, मिळाले ३५० डॉलर ४० सेंट. रीड यांना त्यातलं काही मिळालं नाही.

२ डिसेंबर १८६३ ला 'फ्रीडम'च्या पुतळ्याचा शेवटचा भाग घुमटावर चढला. तोवर रीड स्वतंत्र होते. पुढे त्यांनी स्वतःचा धंदा सुरू केला, अशी नोंद मिळते. म्हणजे आता सोमवारपासून शनिवारपर्यंतची मजुरीही त्यांचीच होती.